दोन मंडळ्यांची मैनाबाई

कळमन्याच्या मिरची यार्डात नवी बाई कामाला आली की तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतात. देठं खुडायला बसण्याआधी हाताला गोडेतेल चोळायचं. आणि मैनाबाईशी वाद घालायचा नाही. घालायचाच असेल तर आधी डबा खाऊन घ्यायचा, कारण ती थकत नाही.

मैनाबाई सोनकुसरे आता साठीच्या पुढे आहे. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की यार्डाच्या एका टोकाला हसली तर दुसऱ्या टोकाचा हमाल वळून बघतो. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं. आजोबा मागावर लुगडी विणायचे. त्यांच्या बापाच्या काळात, मिशनची माणसं बैलगाडीनं गावोगाव फिरायची तेव्हा, घर ख्रिस्ती झालं होतं. लग्न होऊन ती नागपुरात आली, ती लकडगंजच्या मागच्या गल्लीत. सासरही तसंच, विणकरांचं आणि ख्रिस्ती. नवरा गोविंदा मात्र मागावर न बसता आरामशीनवर लाकूड कापायला जायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा अंगावर भुसा असायचा आणि तोंडाला दारूचा वास.

गल्लीच्या टोकाला कौलारू चर्च होतं. जुन्या विणकरांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तिथली मंडळी, म्हणजे तिथे उपासनेला जमणारी शंभरेक घरं, शिस्तीची होती. पुढच्या बाकांवर जुनी कोष्टी घरं, मागे नंतर आलेली बाकीची. कुणी तसा नियम केला नव्हता, पण कुणी मोडतही नव्हतं. बाया डाव्या हाताला बसायच्या, गीतं म्हणायच्या आणि घरी जाऊन वरण शिजायला टाकायच्या. प्रार्थना पुरुष करायचे. बायांनी शेवटी आमेन म्हणायचं. मैनाबाईनं लग्नानंतरची बारा-तेरा वर्षं आमेनच म्हटलं. यार्डात तिला ओळखणाऱ्यांना हे सांगून खरं वाटत नाही.

त्या चर्चमध्ये म्हातारी माणसं एक शब्द वापरायची, संजीवन. पूर्वी कुठे कुठे संजीवन आलं होतं म्हणे. आत्मा उतरला, लोक दिवस दिवस रडले, चोरांनी चोरीचा माल परत नेऊन दिला, वैरी एकमेकांच्या गळ्यात पडले. हे सगळं प्रवचनात ऐकायला गोड वाटायचं, सासरच्या गेलेल्या वैभवाच्या गोष्टी गोड वाटतात तसंच. आपल्या चर्चमध्ये असं काही होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका हिवाळ्यात मंडळीनं तीन दिवसांच्या सभा ठेवल्या. चर्चसमोर मांडव घातला, मोठे भोंगे लावले, बाहेरगावचा नामांकित उपदेशक बोलावला. तो घसा फोडून बोलला. लोकांनी ऐकलं, सतरंज्या झटकल्या, उपदेशकाला स्टेशनवर सोडलं. काही झालं नाही.

झालं ते पुढच्या रविवारी. मांडव उतरवला होता, पाळकसाहेबांना सर्दी झाली होती, आणि मंडळीचे वडील म्हणून निवडलेले नत्थूजी शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले होते. नत्थूजी तेव्हा पन्नाशीचे. माग मोडून त्यांनी पॉवरलूम टाकला होता, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि कुणाशी वावगं बोलायचे नाहीत. त्यांनी चष्मा लावला, तोंड उघडलं आणि थांबले. लोक वाट बघत राहिले. पाळकसाहेबांना वाटलं, पान सापडत नसेल.

"मले वाचता येऊन नाई राहिलं," नत्थूजी म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "तिथी माहा भाऊ बसला हाय. आमच्या दोघांच्या घरामंदी भिंत हाय. ते मी बांधली. आई मेली तवा तिच्या मयतीच्या पेटीले मी त्याले हात लावू देल्ला नाई. इतके वर्स मी इथी उभा राहून वाचून राहिलो, न् तो ऐकून राहिला."

एवढं बोलून ते बाकांच्या मधल्या वाटेनं खाली आले. भाऊ उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हा थोबाडीत देतो. पण त्यानं नत्थूजींच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान लेकरासारखा मोठ्यानं रडला.

त्यानंतर बांध फुटला. एक उठला, दुसरा उठला. सासूनं सुनेचे पाय धरले. एका मास्तरांनी कुणाच्या तरी पोरीचं लग्न आपण मोडलं होतं हे सांगून टाकलं, आणि त्या पोरीची आई चौथ्या बाकावर ते ऐकत होती. पाळकसाहेब दोनदा आशीर्वाद द्यायला उठले आणि दोनदा खाली बसले. दुपार टळली तरी कुणी घरी गेलं नाही.

मैनाबाईही डोळे पुसत होती. शेजारच्या बाईनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "मैने, तुह्यावरही आत्मा उतरला वं!"

"आत्मा नाई बाप्पा, भिवापुरी उतरली," मैनाबाई म्हणाली. "काल दिवसभर मिरची खुडली. हात डोळ्याले लागला."

ही गोष्ट ती आजही सांगते आणि स्वतःच हसते. त्या दिवशी तिला रडू आलं नाही, अंगाला कंप सुटला नाही, काही नाही. ती फक्त बघत राहिली. जे मोठे लोक कधी चुकत नाहीत असं तिला वाटायचं, ते सगळ्यांसमोर आपलं चुकलं म्हणत होते. तिच्या मनात आलं, ह्यांना बोलता येतं, तर मला का येऊ नये?

चर्चमध्ये मग रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. कुणी बोलावत नव्हतं, लोक आपणच यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मैनाबाई बायांच्या बाजूनं उभी राहिली. आधी कुणाला कळेना की ही काय करतेय. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, मैना बोलून राहिली. गोविंदाची दारू सोडव. माहा पोरगा गेला त्याचा राग मी तुह्यावर धरला होता, तो आता सोडते. आमेन."

तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन तापानं गेला होता. त्याबद्दल ती त्याआधी कुणापाशी एक अक्षर बोलली नव्हती. पुरुषांच्या बाजूला थोडी चुळबूळ झाली, मग कुणीतरी आमेन म्हटलं. तो आवाज नत्थूजींचा होता. त्या संध्याकाळी आणखी तीन बाया उठून बोलल्या.

गोविंदाची दारू प्रार्थनेनं एका दिवसात सुटली असं मैनाबाई सांगत नाही. तो बायकोला न्यायला यायचा तोच पिऊन, आणि दारात उभा राहून ओरडायचा, "चाल वं घरी, पोरगी भुकेली हाय!" नत्थूजी उठून बाहेर जायचे आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसायचे. उपदेश करायचे नाहीत. लाकडाचं विचारायचे, सागवान कुठून येतं, पात्याला धार कशी लावतात. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस गोविंदा न पिता आला आणि आत बसला. पुढे तो दोनदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा दुसऱ्या दिवशी आपणच उभा राहून म्हणाला, "मी काल पेलो. मले लाज वाटून राहिली." कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्यानंतर त्यानं पेला हातात धरला नाही. मोकळ्या झालेल्या हातांना काहीतरी हवं म्हणून ढोलक शिकला.

आणखी एक गोष्ट झाली. रोजच्या गर्दीत कोण पुढे, कोण मागे हे राहिलंच नाही. जागा मिळेल तिथे माणूस बसायचा. मागच्या बाकांवरची कौसल्या अशीच एकदा मैनाबाईच्या शेजारी येऊन बसली. उंच, सडपातळ, बोलायला हळू. कोराडीकडून लग्न होऊन आलेली, नवरा ट्रकवर, पदरात प्रणाली नावाची तान्ही मुलगी. मैनाबाईनं तिला यार्डात काम मिळवून दिलं. एकाच ढिगाशी समोरासमोर बसून दोघींनी पुढची वीस वर्षं मिरच्या खुडल्या.

संजीवन येतं तेव्हा त्याच्या मागोमाग गर्वही येतो, हे नत्थूजींनी पुढे एकदा बोलून दाखवलं. वर्ष-दोन वर्षं गेली आणि लोक एकमेकांना मोजू लागले. जे रडले ते 'जागे', जे रडले नाहीत ते 'थंड'. गीतं कशी म्हणायची यावरून धुसफूस, टाळ्या वाजवाव्या की नाही यावरून भांडण. त्यात चंदन नावाचा एक तरुण पुढे आला. मनाचा स्वच्छ, बोलायला तेज. त्याचं म्हणणं असं, की तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा खरा नाही. माणसानं जाणतेपणी, स्वतःच्या विश्वासानं, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा. एका सकाळी निम्मी मंडळी कन्हान नदीवर गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून नव्यानं बाप्तिस्मा घेऊन आली. पाळकसाहेबांनी त्यांची नावं सभासदांतून कमी केली. चंदननं कोराडी रोडला एक हॉल भाड्यानं घेतला. तेव्हापासून गल्लीत 'चर्चवाले' आणि 'हॉलवाले' अशा दोन जाती झाल्या.

नदीवर गेलेल्यांत गोविंदा होता. कौसल्याही होती.

"तू काहून नाई येत?" गोविंदानं विचारलं. तो अंगानं अजून ओलाच होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मैनाबाईला त्याच्याशी भांडवेना.

"अजी, मी तान्ही होती तवा माह्या बापानं मले देवाच्या हाती देल्लं," ती म्हणाली. "देवानं घेतलं. आता पुन्हा काय देऊ? एकदा घेतलेली वस्तू तो इसरला असन का?"

"मले तं तान्हेपणीचं काही आठवत नाई."

"तुमाले पेल्यावर घरचा रस्ता आठवत नव्हता, तरी घर तिथीच होतं ना!"

गोविंदा हसला. वाद तिथेच संपला असं नाही, तो बरीच वर्षं चालला. पण दोघांनी त्याचं विष होऊ दिलं नाही. दर रविवारी नवरा-बायको एकत्र घराबाहेर पडायचे. गल्लीच्या तोंडाशी आले की तो सायकलला ढोलक बांधून हॉलकडे, ती चर्चकडे. दुपारी जेवताना कुणाचं प्रवचन लांबलं यावर दोघांची चर्चा व्हायची. मुलगी प्रीती एका रविवारी बापाबरोबर जायची, एका रविवारी आईबरोबर. शेजारणी म्हणायच्या, एका घरात दोन मंडळ्या कशा नांदतात? मैनाबाई म्हणायची, "एका चुलीवर भात बी शिजते न् भाजी बी."

कौसल्याशी तर ती त्या विषयावर कधी बोललीच नाही. दोघी खुडायच्या, खोकायच्या, डबे वाटून खायच्या. प्रणाली मोठी झाली, नर्सिंगला गेली. तिला पहिल्यांदा पांढऱ्या गणवेशात बघून कौसल्या यार्डातच ढिगाशी बसून रडली, आणि मैनाबाईनं तिला आपल्या कोपरानं डोळे पुसून दिले, कारण तेवढीच जागा तिखटाची नव्हती.

प्रणाली शेवटच्या वर्षाला असताना एप्रिलमध्ये एका दुपारी कौसल्याच्या छातीत दुखू लागलं. मैनाबाईनं ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. प्रणाली धावत आली. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या गेली. तिचा नवरा त्याच्या दोन वर्षं आधी अपघातात गेला होता आणि त्याला त्याच्या भावांनी गावी नेऊन पुरलं होतं. ते भाऊ आता फोन उचलत नव्हते. माहेर म्हणावं तर कोराडीकडचं ते जुनं गाव उठून तिथे वसाहती झाल्या होत्या, तिचं कुणी उरलं नव्हतं.

हॉलवाल्यांना स्वतःचं कब्रस्तान नव्हतं. इतकी वर्षं त्यांचं कुणी गेलं की मूळ गावी न्यायचे. शहरात जागा होती ती चर्चची, गल्लीपासून थोडी लांब, कडुनिंबाखाली. चंदन सकाळीच पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब नवे होते, मऊ मनाचे. पण निर्णय पंचांचा, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या वडिलांचा, म्हणाले. पंच चर्चच्या व्हरांड्यात जमले. मधल्या खुर्चीवर नत्थूजी होते. आता सत्तरी ओलांडलेले, हातात काठी, सदरा मात्र तोच इस्त्रीचा.

मैनाबाई दवाखान्यातून सरळ तिथे आली. चंदन व्हरांड्याखाली उन्हात उभा होता. तिनं त्याला सावलीत ओढलं आणि आपण पायरी चढली.

"नत्थूजी, कौसल्येले जागा पायजे."

"तिनं मंडळी सोडली, मैनाबाई." नत्थूजींचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "आमी काढलं नाई. आमचा बाप्तिस्मा खोटा म्हणून ते लोकं गेले. खोट्या मंडळीचं कब्रस्तान खरं कसं?"

खाली चंदननं मान खाली घातली. इतर पंचांनी मान डोलावली. मैनाबाई काही बोलायच्या आत नत्थूजीच पुढे बोलले. "सुरवात मी केली होती ना वं? माह्या तोंडून निंघालं होतं पह्यलं. मले वाटलं, भिंत पडली. न् चार वर्सात आपलं घरच दोन झालं. मी दार उघडलं न् लोकं त्यातून निंघून गेले."

मैनाबाईला तेव्हा कळलं की ह्या माणसाला राग आलेला नाही, ह्याला लागलंय. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"दार हाय ते, नत्थूजी. लोकं आत येतात तसे बाहेर बी जातात. माहा माणूस बी गेला. पण तुमी पायरीवर बसले म्हणून तो गटारात पडून मेला नाई. आज तो हॉलमंदी ढोलक वाजवते, तं ते बी तुमचंच होय. तुमी काहून समजता का सगळं वाया गेलं?"

नत्थूजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माह्या पोराच्या बाजूची जागा मंडळीनं मले देल्ली हाय," ती पुढे म्हणाली. "मी मरीन तवा मले. ते मी कौसल्येले देते."

"तसं देता येत नाई," एक पंच म्हणाले. "जागा मंडळीची असते. तुमी देल्ली तं उद्या कोणी बी कोणाले देईन."

"देऊ द्या. मेलेल्यांची भांडणं होत नाईत."

पंचांनी बराच वेळ खल केला. शेवटी नत्थूजींनी काठी टेकली आणि म्हणाले, "नाई. आज नाई. आज मीच नियम मोडला तं उद्या कोणाले कोणत्या तोंडानं सांगू?" बैठक उठली.

मैनाबाई उठली. तिच्या चेहऱ्यावर रडं नव्हतं. ती चंदनला म्हणाली, "पेटी तयार ठेव गा. ऊन उतरलं का आणजो." आणि यार्डात गेली.

चारच्या सुमाराला कब्रस्तानच्या फाटकाशी मिरची यार्डातल्या पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. चर्चच्या होत्या, हॉलच्या होत्या, इंदोऱ्याच्या दोघी बौद्ध होत्या, एक पारडीची तेलीण होती. कौसल्याच्या ढिगाशी बसणाऱ्या सगळ्या. कबरी खणणारा श्रावण फाटकात आला.

"पंचाईनं सांगतल्याशिवाय मी खड्डा खणू शकत नाई, मैनाबाई. माही नोकरी जाईन."

"तुले कोण खण म्हणते?"

श्रावणनं त्यांच्याकडे बघितलं, पदर खोचलेल्या त्या सगळ्याजणींकडे. मग म्हणाला, "मी चहा प्याले जाऊन राहिलो. कुदळ-फावडं झाडाले टेकून हाय. त्याले काही कुलूप नाई."

वरची काळी माती भुसभुशीत होती, ती लवकर निघाली. खाली मुरूम लागला आणि हात भरून आले. दोघी खणायच्या, दोघी माती ओढायच्या, बाकीच्या पाणी द्यायच्या. मैनाबाईनं आपल्या पोराच्या छोट्या कबरीवर पदर अंथरून ठेवला, माती उडू नये म्हणून. प्रणाली आली आणि फावडं मागू लागली. मैनाबाई म्हणाली, "तू बस माय. आज तुहं काम नाई." पण पोरगी ऐकेना, तेव्हा दिलं. गोविंदा आरामशीनवरची चार माणसं घेऊन आला. बायांनी त्यांना बाजूला उभं केलं; थकल्यावर सांगू म्हणाल्या, आणि थकल्या नाहीत.

खड्डा कमरेएवढा झाला असताना फाटकाशी रिक्षा थांबली. पाळकसाहेबांनी हात धरून नत्थूजींना उतरवलं. सगळ्यांचे हात थांबले. मैनाबाई खड्ड्यातच उभी होती, कुदळ हातात. तिनं ठरवून टाकलं होतं की थांब म्हटलं तरी थांबायचं नाही. मात्र म्हाताऱ्याला उलटून बोलायचंही नाही.

नत्थूजी काठी टेकत कडेपर्यंत आले. खाली वाकून बघितलं.

"तिरपा होऊन राहिला," ते म्हणाले. "डोक्याकडून अजून खोल पायजे. पेटी कलंडन."

मैनाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग वळून डोक्याच्या बाजूला कुदळ घातली. श्रावण कुठूनसा धावत आला आणि तिच्या हातातून कुदळ घेतली. आता नोकरी जायची भीती नव्हती.

पेटी आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग चंदननं केली. चंदनला भरून आलं होतं, त्याची प्रार्थना संपता संपेना. इतक्या वर्षांचं सगळं एकदम देवाला सांगायला निघाला होता. मैनाबाईनं मागून हळूच त्याचा सदरा ओढला. "आटप गा बाप्पा. अंधार पडते." लोकांना हसू आलं, प्रणालीलासुद्धा, आणि मग ती दिवसभरात पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. मैनाबाई तिला घरी घेऊन गेली. शिक्षण संपेपर्यंत प्रणाली त्यांच्याच घरी राहिली. आज ती एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळते, आणि प्रीती जशी आईला ओरडते तशीच तीही मैनाबाईला साखरेवरून ओरडते.

पंचांनी महिन्याभरात ठराव केला, की ह्या वस्तीतल्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला कब्रस्तानात जागा मिळेल, त्याचा बाप्तिस्मा कुठे झाला हे विचारलं जाणार नाही. ठराव नत्थूजींनीच मांडला. हॉलवाल्यांनी आपणहून तिथली साफसफाई अंगावर घेतली. दोन्ही मंडळ्या मात्र एक झाल्या नाहीत. चंदन अजून बुडवूनच बाप्तिस्मा देतो, पाळकसाहेब अजून पाणी शिंपडतात, आणि दोघेही आपलंच बरोबर आहे असं मानतात. मैनाबाईला त्याचं काही वाटत नाही.

नत्थूजी नंतर दोन पावसाळे काढून शांतपणे गेले. त्यांच्या जागी पंचांत कोण, असा प्रश्न आला तेव्हा बायांनी मैनाबाईचं नाव सुचवलं. त्या चर्चमध्ये बाई पंच कधी झाली नव्हती. एकानं विचारलं, "तुमाले झेपन का?" तर ती म्हणाली, "मले यार्डातल्या अडत्यांची सवय हाय. तुमी तं देवाची लेकरं." ती निवडून आली.

कधी कधी तरुण पोरंपोरी तिला गाठतात आणि त्या संजीवनाचं विचारतात. त्यांनी ते बघितलेलं नाही. मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या सभा बघून त्यांचे डोळे चमकतात. "मावशी, पुन्हा येईन का तसं?"

"येईन तवा येईन," ती म्हणते. "पण मांगचं जे आलं होतं त्याचंच काम अजून पुरं झालं नाई. ते करू लागा."

पंच झाल्यावर तिनं पहिलं काम काढलं ते ईस्टरचं. पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे कब्रस्तानात जाऊन कबरींवर फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि उजाडताना उपासना करायची ही जुनी रीत. चर्चवाले एका वेळी करायचे, ठराव झाल्यापासून हॉलवाले त्यांच्या नंतर. मैनाबाई म्हणाली, सूर्य एकदाच उगवतो, तर उपासनाही एकच करू. दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी प्रवचन पाळकसाहेबांचं, प्रार्थना चंदनची, आणि गाणी दोघांची, असं ठरलं.

गेल्या ईस्टरला त्या दोन्ही मंडळ्या कडुनिंबाखाली दाटीनं उभ्या होत्या. पहिलंच गीत सुरू झालं आणि घोळ झाला. चर्चवाले संथ म्हणत होते, हॉलवाले टाळ्या वाजवत पुढे पळत होते, आणि गोविंदाचा ढोलक हॉलवाल्यांच्या बाजूला होता. दुसऱ्या कडव्याला अर्धे लोक एका ओळीवर, अर्धे दुसऱ्या. पाळकसाहेब हात वर करून थांबवणार तेवढ्यात मैनाबाई पुढे आली आणि पट्टी धरून मोठ्यानं गाऊ लागली. संथ नाही आणि धावतंही नाही, मिरच्या खुडताना हात चालतो त्या चालीनं. गोविंदानं तिच्याकडे बघितलं, एक मात्रा सोडली आणि तिच्या चालीवर आला. मग बाकीचे आले.

उजाडलं तेव्हा गाणं एकच झालं होतं. सुरात होतं असं कुणी म्हणणार नाही. उपासना संपल्यावर फाटकाबाहेर तर्रीपोहे आले, पोह्यांची परात आणि वर ओतायच्या तिखट तर्रीचं पातेलं. लोक प्लेटा घेऊन घोळक्याघोळक्यानं उभे राहिले, कुठला घोळका कुणाचा ते बाहेरच्याला ओळखू आलं नसतं. मैनाबाई हातात मोठा डाव घेऊन पातेल्याशी उभी होती आणि तर्री नको म्हणणाऱ्या चंदनच्या पोह्यांवर एक डाव जास्तीच ओतत होती.